खापरखेड्याच्या वाटेवर एका दोस्ताची चौकशी

सांगलीहून निघालेले आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला उतरलो. मार्च संपत आला होता आणि स्टेशनाबाहेरचं ऊन असं, की टांग्याचा घोडासुद्धा डोळे मिटून उभा होता. माझ्या काखेत पोस्टरांची गुंडाळी होती. मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. माझी मोठी मेहुणी कमलताई डॉक्टर आहे. एड्सचं नाव तेव्हा नुकतंच वर्तमानपत्रांत येऊ लागलं होतं, आणि अनेक दिवस घराबाहेर राहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना त्याबद्दल कुणीतरी सांगायला हवं, असं ताईच्या मनानं घेतलं. नागपुरात धंतोलीत तिच्या वर्गमित्राचा दवाखाना होता. त्यानं बोलावलं. पोस्टरं मी काढली होती, त्यामुळे ती उचलायलाही मीच.

ड्रायव्हरांना वाटायला निरोध हवे होते. ताईनं मला औषधाच्या दुकानात पाठवलं. धंतोलीत पावलापावलावर दवाखाने, आणि गावोगावच्या पेशंटांचे नातेवाईक काउंटरला चिकटलेले. मी मान खाली घालून पुटपुटलो. दुकानदारानं खोकल्याचं औषध दिलं. पुन्हा पुटपुटलो, तर पोटदुखीच्या गोळ्या आल्या. दोन्ही घेऊन परतलो.

ताईनं पिशवीत पाहिलं, स्वतः दुकानात गेली आणि वांगी मागावीत तशा आवाजात निरोध मागितले. काउंटरला चिकटलेले नातेवाईक दोन पावलं मागं सरले. एका आजोबांनी उठून तिला आपलं स्टूल दिलं. दुकानदारानं पुडकं एका वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग दुसऱ्यात, मग वरून सुतळी बांधली. बाहेर पडलो तेव्हा आम्ही लग्नाचा आहेर घेऊन निघाल्यासारखे दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री (तेलाचा तवंग असलेला झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले. सांगलीच्या माणसाला तिखटाचं काय, असं म्हणून मी आणखी तर्री मागून घेतली. खापरखेड्यापर्यंत बसमध्ये माझे डोळे गळत होते, आणि शेजारची बाई कोण वारलं म्हणून हळहळत होती.

वीजकेंद्राची धुराडी दिसू लागली, झाडांची पानं राखेनं करडी झाली, आणि कोळशाचे ट्रक थांबतात त्या ढाब्यावर आम्ही उतरलो. मी लिंबाला पोस्टर बांधलं. त्यात लाल डोळ्यांचा राक्षस, खाली बेशुद्ध पडलेला सुटाबुटातला माणूस आणि वर विमान होतं. रोग परदेशातून आला, असं मी ऐकलं होतं. ड्रायव्हर जमले. नामदेव नावाचा एक मिशीवाला होता, पारशिवनीकडचा. घरची शेती भाऊ बघायचा आणि हा ट्रक चालवायचा. त्यानं पोस्टर नीट न्याहाळलं.

"कोनत्या टाकीजले लागला हा पिक्चर?" त्यानं विचारलं.

मला आतून बरं वाटलं, पण ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती बोलायला लागली, की असुरक्षित संबंध टाळा. नामदेवनं मान डोलावली आणि आपले सगळ्यांशी संबंध चांगले आहेत, फक्त साळ्याशी बैलावरून बिघडले आहेत, असं सांगितलं. दुसऱ्यानं विमानाकडे बोट दाखवून, हा विमानात बसणाऱ्यांचा रोग आहे, आपला ट्रक रायपूरच्या पुढं जात नाही, असा निवाडा दिला. सगळे निर्धास्त झाले आणि चहा मागवला.

ताईनं पोस्टर उलटं करायला लावलं. मग हा रोग कशानं होतो, वाटेत थांबून माणसं कुठं जातात आणि जाताना काय वापरायचं, हे तिनं घरच्या शब्दांत सांगितलं. ढाबेवाल्यानं रेडिओ मोठा केला. ताईनं पुडकं सोडून बाकाच्या एका टोकाला ठेवलं, तशी बाकावरची सगळी मंडळी सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेली. बाक उलटलं. चहा, माणसं आणि निरोध एकत्रच जमिनीवर आले.

हसण्याच्या गोंधळात नामदेव ट्रकमागून ताईजवळ आला.

"माह्या एका दोस्ताचं पुसाचं होतं," तो म्हणाला. "त्याले जखम झाली हाय. बरीच नाही होऊन राहिली."

ताईनं दोस्ताचं लग्न झालंय का, ते विचारलं. झालं होतं. मग दोस्ताला उद्या बायकोसकट धंतोलीत पाठवा, औषध दोघांनाही लागेल, असं तिनं सांगितलं.

"तिले काहून? तिची काही चूक नाही."

"नाही ना. म्हणूनच तिला आधी आणायचं."

नामदेव मिशीला हात लावत ट्रककडे वळला. त्याच्यामागून आणखी एक आला, त्यालाही दोस्ताचंच विचारायचं होतं. मग साडूचं विचारणारा आला. संध्याकाळपर्यंत जमिनीवरची सगळी पाकिटं कुणाकुणाच्या दोस्तांसाठी उचलली गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. ताई दर वेळी दार वाजलं की वर बघायची. शेवटी नामदेव आला. बरोबर हिरव्या लुगड्यातली बायको. ताईनं दोस्त कुठं आहे, असं विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

"दोस्त नाही जी. मीच हावो तो."

"कवापासून हा दोस्त माह्या हातचं जेवून राहिला," बायको ताईला म्हणाली, "अन् मले आज बसमध्ये समजलं."

जखम इंजेक्शनांनी बरी होण्यातली होती. एड्ससाठीच्या रक्ततपासणीचा निकाल कळायला मात्र दोघांनाही थांबावं लागणार होतं. निघताना ती पुढं आणि तो तिची पिशवी धरून मागं चालत होता.

परतीच्या गाडीत ताई झोपली. मी खिडकीशी संत्री सोलत बसलो होतो. माझ्या राक्षसानं कुणाचं काही भलं केलं नव्हतं, हे मला कळून चुकलं होतं. घाबरायला ती माणसं तयार होती. त्यांना तोंडातून शब्द काढायचीच चोरी होती, आणि ती तर मलाही होती. पण माझं मन त्या बसमध्येच अडकलं होतं. नामदेवनं बायकोला कधी सांगितलं असेल? पारशिवनी सोडताच, की धंतोली आल्यावर, उतरता उतरता? सांगली येईपर्यंत मला ते ठरवता आलं नाही.