ॲम्प्लिफायरवरचं दही

गाणं ऐकताना आमच्या साडूंइतका घाम गाळणारा माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा सापडणार नाही. गाणाऱ्याने गाळलेला घाम सगळ्यांना ठाऊक असतो, हा ऐकणाऱ्याचा. साडू केंद्र सरकारच्या नोकरीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे, आणि बैठकीच्या खोलीत त्यांचा क्लास ए जातीचा ॲम्प्लिफायर होता. ही जात आवाजाने मधाळ आणि अंगाने भट्टी. गाणं मोठ्याने लावा, हळू लावा, अजिबात लावू नका, एकदा चालू केला की तो भरपूर वीज खाणार आणि तापणारच. साडूंनी हे अभिमानाने सांगितलं तेव्हा ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शांतपणे म्हणाली, "अच्छा, म्हणजे तुमच्या ऑफिससारखंच. काम असो नसो, खर्च तेवढाच."

मे महिन्यात त्या खोलीत पाऊल टाकायला नातेवाईक धजत नसत. एसी आणि ॲम्प्लिफायर एकदम लावले की घरातली वीज जायची, त्यामुळे दोघांतला एकच निवडावा लागे, आणि साडूंची निवड ठरलेली. पंख्याची घरघर तंबोऱ्यात मिसळते म्हणून पंखाही बंद. बाहेर लूच्या झळा, आत हे, आणि मध्ये साडू बनियनवर, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, डोळे मिटून बसलेले. मी एकदा भीत भीत सुचवलं, की हल्ली थंड राहणारे, चिमूटभर विजेवर चालणारे छोटे ॲम्प्लिफायर मिळतात. त्यांनी एक डोळा उघडला. "यार, तू बिनसाखरेचा शिरा खातोस का?" मी निमूट आतल्या खोलीत जाऊन ताईबरोबर कलिंगड खाल्लं. उन्हाळाभर ताई आत एकटी, हे बाहेर एकटे, अशी त्या संसाराची फाळणी झालेली असे.

हिवाळ्यात मात्र ॲम्प्लिफायरला फार मान. दिल्लीच्या थंडीत दही लागता लागत नाही. ताईने एकदा विरजणाचं पातेलं त्याच्यावर ठेवलं आणि सुरीने कापावं असं दही निघालं. मग काय, कॉलनीतल्या साऱ्या मराठी बायका आपापली पातेली घेऊन हजर! साडू आधी संतापले, मग त्या शास्त्रात शिरले. द्रुत लयीत दह्याला पाणी सुटतं, विलंबित ख्यालात ते घट्ट लागतं, असा त्यांचा सिद्धांत होता. शेजारच्या काकू दारातूनच सांगून जायच्या, "भाऊजी, आज विलंबितच लावा हं, उद्या पाहुणे आहेत." बायकांच्या गप्पांत ते विलंबित कुणाच्या कानावर पडत नसे, ही गोष्ट वेगळी. ताई तर कधी गाणं न लावता नुसताच ॲम्प्लिफायर चालू करायची. तेव्हा साडू कळवळायचे, "अगं, निदान एखादी ठुमरी तरी लाव. मुक्याने काय राबवतेस त्याला!"

निवृत्तीनंतर ते दिल्लीतल्याच द्वारकेच्या एका सोसायटीत राहायला गेले, आणि त्याच वर्षी ताईचं दुखणं निघालं. तिला उकाडा सोसेना. एकदा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. घर थंड ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. फ्लॅट केवढासा, त्यात ती भट्टी. ताई एका शब्दाने काही बोलली नाही. साडूंनीच मला बोलावून घेतलं, आम्ही दोघांनी ते धूड उचलून गाडीत घातलं आणि पानिपतच्या त्यांच्या एका चादरीवाल्या मित्राकडे पोचवलं. परतताना ते म्हणाले, "पानिपतहून मराठी माणूस कधी जिंकून आलाय का रे?" मी हसलो. ते हसले नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं.

गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. एसी चालू होता, जेवणाच्या डब्याएवढा नवा ॲम्प्लिफायर गात होता. हात लावून पाहिला तर गार. ताई साडूंच्या शेजारी पाय वर घेऊन, डोळे मिटून बसली होती. मी हळूच विचारलं, "आवाज कसा आहे?"

"कोरडा, यार. बिल्कुल कोरडा." मग त्यांनी ताईकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "काल मला विचारत होती, या बाई किती सुरेख गातात हो, नवीन आहेत का? अरे, आमच्या लग्नापासून घरात गातायत त्या."

तबकडी संपली. साडू उठले आणि त्यांनी तीच पुन्हा पहिल्यापासून लावली.