पुसलं, बघ

डोंगरातल्या नारिन गावात नोंदणी कचेरीच्या भिंतीला टेकून तीन लोखंडी टपऱ्या आहेत. मधली कुलुइपाची. दारावर पाटी: ‘अर्ज, झेरॉक्स, फोटो’. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, विजेची शेगडी, चहाची किटली आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. कुलुइपाचं वय एकसष्ट. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलेला, पण टाइप करायला तिला डोळे फारसे लागत नसत. समोरचं माणूस बोलायचं थांबलं की दोन श्वासांत कागद तयार.

शेजारच्या टपऱ्यांतली पोरंही भराभर टाइप करायची. तरी नाजूक काम असलं की बायका मधल्याच टपरीत शिरत. काडीमोड असेल, परदेशी गेलेल्या नवऱ्याचा शोध असेल, नाहीतर पोराच्या बापाच्या नावाची रिकामी जागा असेल. कागद छापून हातात दिला की कुलुइपा स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवायची, त्याच्या डोळ्यांदेखत मजकूर पुसायची आणि म्हणायची, “पुसलं, बघ.”

ही सवय तिला टाइपरायटरच्या काळात लागली होती. एकोणिसाव्या वर्षी ती सामुदायिक शेतीच्या कचेरीत लागली, तेव्हा तिथल्या थोरल्या टायपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पत्र जातं पोरी, पण कार्बन मागे राहतो. ज्याचं पत्र, त्याच्यासमोर कार्बन शेगडीत टाकायचा.” पुढे ती शेती मोडली, कचेरीला कुलूप लागलं आणि शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराऐवजी कुलुइपाच्या पदरात टाइपरायटर पडला. तो घेऊन ती या भिंतीखाली तिपाईवर बसू लागली. हिवाळ्यात बोटं कापलेले हातमोजे घालून टाइप करायची आणि पायाशी पत्र्याच्या डब्यात कार्बन जाळायची. टपरी नंतर आली, कॉम्प्युटर त्याहून नंतर. नवरा त्याच सुमारास वारला. लेक मेरिम लग्न होऊन परमुलखात, सुरगुतला गेली, तिथे जावई तेलाच्या विहिरींवर होता. मग उरली कुलुइपा आणि तिची टपरी.

कॉम्प्युटर मेरिमनेच बसवून दिला होता. काय कुठे दाबायचं ते वहीत लिहून ठेवलं होतं. शेवटचं वाक्य होतं, “निळं बटण आलं की हो म्हणायचं, अपा.” कुलुइपा कधी चुकली नाही. निळं बटण आलं की हो.

शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा तालाय अधूनमधून चहाला यायचा. गावातल्या सगळ्यांसारखाच तोही तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा. त्याचं एकच पालुपद असे.

“एजे, ही ऑपरेटिंग सिस्टीम सोडा. तुम्ही काय करता ते सगळं ही कंपनीला कळवते. मी शाळेत टाकलीये तीच इथे बसवून देतो. फुकट आहे.”

“तुझ्या त्या फुकटवर माझी लेक दिसते का?”

“तुमचा कॅमेरा जुना आहे. जरा खटपट करावी लागेल.”

“मग चहा पी.”

लेक दिसणं हेच तर खरं काम होतं. मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेत तिला धड दिसायचं नाही, आणि घळीतल्या तिच्या घरी सिग्नल पोचायचा नाही. म्हणून कचेरी बंद झाल्यावर, साडेपाचला, ती टपरीचं दार आतून लावून या मोठ्या स्क्रीनसमोर बसायची. त्या हिवाळ्यात मेरिमला मुलगी झाली. पहिल्या दिवशी मेरिमने दुपट्याचं टोक उचललं आणि म्हणाली,

“थांब अपा! कोरुमदुक काढ आधी. फुकटात तोंड बघतेस होय?”

पहिल्यांदा तोंड बघायचं तर हातावर काहीतरी ठेवावंच लागतं, मग आजी का असेना. कुलुइपाने तयारी ठेवली होती. स्वतःच्या आईच्या जाकिटाचं चांदीचं बटण तिने रुमालातून सोडवून कॅमेऱ्यासमोर धरलं. “हे घे. येईन तेव्हा हातात देईन.”

“बरं, मग बघ. पण फोटो नाही हं. सासूबाई म्हणतात चाळीस दिवस व्हायच्या आत एकही फोटो निघता कामा नये. तुझ्याशिवाय बाहेरच्या कुणाची नजर नको.”

“मला सांगतेस? तुझा तरी कुठे काढला होता.”

चाळीस दिवसांत वीस मिनिटं रोज. बाकीचे तेवीस तास चाळीस मिनिटं कुलुइपा बाळाच्या चाळिसाव्यासाठी चाळीस चिंध्यांचा सदरा शिवत होती. एकेक तुकडा एकेका घरून मागून आणलेला.

बाळ अठरा दिवसांचं असताना एका सकाळी कॉम्प्युटरने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, गोल गोल फिरत बसला आणि शेवटी बराच मजकूर दाखवून निळं बटण पुढे केलं. कुलुइपा हो म्हणाली.

आठवड्याने साल्किन आली. पंचविशीची, पायात नवऱ्याचे मोठे बूट. तिचा अर्ज आदल्याच दिवशी लिहून झाला होता. नवऱ्याला घरापासून लांब ठेवावं अशी न्यायालयाला विनंती. तारखा, जखमा, कोणत्या दिवशी पोरासमोर काय झालं, सगळं.

“एजे, तो कागद गेला.”

“गेला म्हणजे?”

“चुलीत. त्याने नीट वाचलाही नाही. वर न्यायालयाचं नाव दिसलं, फेकला.”

“पुन्हा सांगावं लागेल गं सगळं. मी पुसून टाकते, तुला ठाऊक आहे.”

“पुन्हा?” साल्किन म्हणाली आणि बुटांकडे बघत बसली.

काल एवढं बोलायला तिला दीड तास लागला होता. कुलुइपाला वाटलं, निदान पोलिसांतल्या तक्रारीचा नंबर तरी कुठे राहिला असेल. तिने शोधायच्या रकान्यात साल्किनचं नाव टाकलं. स्क्रीनवर एकाखाली एक चौकोन भरत गेले. अर्धा लिहिलेला अर्ज. पुरा झालेला अर्ज. ‘पुसायचं का?’ असं विचारणारी चौकट आणि तिच्यामागे तोच अर्ज. पुसतानाचासुद्धा फोटो काढून ठेवलेला होता.

“तुम्ही तर पुसलं होतंत,” साल्किन म्हणाली.

“पुसलं होतं.”

“मग हे काय आहे?”

चित्रात बघून कुलुइपाने अर्ज पुन्हा टाइप केला. साल्किनने तो घडी करून बुटात घातला आणि दारात थांबली. “तो बाजारात मोबाइल दुरुस्त करतो, एजे. मशीनमधलं त्याला सगळं कळतं.” एवढं बोलून ती गेली.

कुलुइपाने ते चौकोन मागे मागे सरकवले. तिला आणखी कोणाकोणाचं राहिलंय ते बघायचं होतं. म्हाताऱ्या बिबिशचं वाटणीपत्र. शाळेच्या स्वयंपाकिणीचं पत्र, जे तिने पाठवलंच नव्हतं. आणि मग एकदम मेरिम. मेरिमच्या खांद्यावर बाळ. बाळ जांभई देताना. बाळाची मूठ. दर काही क्षणांनी एक, असे सात दिवसांचे शेकडो फोटो, चाळीस दिवस व्हायच्या आतले.

ती हादरली हे खरं. तिने दोनही हात तोंडावर ठेवले हेही खरं. पण डोळे तिने मिटले नाहीत.

संध्याकाळी तिने तालायला बोलावलं. त्याने बघितलं आणि डोकं खाजवलं.

“नवी सोय आहे. माणूस विसरतो म्हणून मशीन दर थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो काढून ठेवतं. तुम्ही हो म्हणालात.”

“मी नेहमीच हो म्हणते. हे बाहेर जातं का?”

“कंपनी म्हणते जात नाही. पण या खुर्चीत जो बसेल त्याला दिसेल. बंद करून टाकतो. आणि आधीचंही पुसतो, नाहीतर अर्थ काय?”

“आधीचंही?” कुलुइपाने विचारलं. मग म्हणाली, “चाळीस दिवस होऊ दे तालाय. मग बघू.”

तालाय तिच्याकडे बघत राहिला. मग चहाही न पिता गेला.

त्यानंतरच्या दुपारी विचित्र गेल्या. बारा ते एक कचेरी बंद असते. इतकी वर्षं त्या तासात ती कुरुतचा, सुकवलेल्या दह्याचा, खडा तोंडात धरून बसायची, आणि या हिवाळ्यात सदऱ्याला टाके घालायची. आता दार लावून ती चौकोन उघडून बसू लागली. समोर बोलणाऱ्या लेकीचा चेहरा झर्रकन जातो, वीस मिनिटं संपतात, मेरिम म्हणते “ठेवते अपा, उठली ही”, आणि स्क्रीन काळी होते. फोटोतली मेरिम मात्र थांबलेली. हवं तेवढा वेळ बघा. मेरिमच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला अशीच थांबलेल्या चित्रात दिसली, बोलताना कधी दिसली नव्हती. झोपत नाही पोरगी. नीट खाते तरी का? विचारलं तर हसेल.

सदरा सव्वीस तुकड्यांवर अडला होता. बायका येत, अर्ज लिहून घेत. कुलुइपा स्क्रीन वळवायची, पुसायची, आणि “पुसलं” एवढंच म्हणायची. ‘बघ’ तिच्या तोंडून निघेनासं झालं.

बाळ अडतीस दिवसांचं झालं त्या दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर एक देखणा, दाढी केलेला तरुण उभा होता.

“सलाम, एजे. मी एर्मेक. साल्किनचा नवरा. तुमचा कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणे. बघून देऊ का? पैसे नकोत.”

“चांगला चालतोय.”

तो आत आलाच. स्टुलावर बसला. “साल्किन दोनदा येऊन गेली इथे. काय लिहून घेतलं?”

“इथे लिहिलेलं इथे राहत नाही. सगळं गाव जाणतं.”

“गाव जुनं झालं, एजे.” तो हसला. “नवं अपडेट आलंय. आता मशीन काही विसरत नाही.” बोलता बोलता त्याचा हात माउसवर गेला.

कुलुइपाने टेबलाखाली पाय घातला आणि वायर ओढली. स्क्रीन काळी झाली.

“वीज गेली,” ती म्हणाली.

“बाहेर कचेरीत दिवे आहेत की.”

“माझ्याकडची गेली.”

तो थोडा वेळ तिच्याकडे आणि थोडा वेळ टेबलाखाली बघत राहिला. “बरं. उद्या येईन. उद्या असेल वीज.”

तो गेल्यावर कुलुइपाने दार लावून घेतलं. चाळीस वर्षांत तिने कुणाचा कार्बन मागे ठेवला नव्हता, आणि आता टपरीभर कार्बन पडला होता. तो तिनेच ठेवला होता, जांभईच्या एका फोटोपायी.

तिने आधी सुरगुतला फोन लावला. साधा, आवाजाचा. सगळं सांगितलं, दुपारच्या तासासकट.

मेरिमने विचारलं, “किती निघाले?”

“पुष्कळ.”

“आणि तू बघत बसलीस.”

“हो.”

“अपा, अगं मला मागायचेस ना. चाळीस झाल्यावर हवे तेवढे पाठवले असते. काढून टाक. सगळे काढ.”

तालाय संध्याकाळी पिशवी घेऊन आला. “बाळाचे तेवढे वेगळे काढून देऊ? कोणाला कळणार नाही.”

“मला कळेल.”

“बरं. मग ती सोय बंद करून आधीचं पुसतो. सिस्टीम तीच राहू दे, एजे. परवा चाळिसावं, तुम्हाला बाळाचं चाळीस चमच्यांचं स्नान बघायचंय. नवीन टाकली तर कॅमेरा आठवडा-दोन आठवडे तरी चालणार नाही.”

कुलुइपा काळ्या स्क्रीनकडे बघत होती. “बंद केलं, तर पुन्हा चालू करता येतं?”

“एका बटणात.”

“मग मीच चालू करीन, तालाय. दुपारची एकटी असते मी.” तिने किटली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. “आमच्याकडे एक नियम आहे. तोंड बघितलं की काहीतरी द्यायचं. मी बटण कबूल केलं. या मशीनने सगळ्यांची तोंडं बघितली, काय दिलं कुणाला? टाक तुझी फुकटची.”

तालायने काम सुरू केलं. पुसायच्या आधी त्याने विचारलं, “एकदा बघायचंय?” ती नाही म्हणाली आणि सदऱ्याचा सत्ताविसावा तुकडा घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी एर्मेक खरोखर आला. तिने खुर्ची मागे सरकवून त्याला म्हटलं, “ये, बघ.” दहा मिनिटं चाचपून तो रिकाम्या हाताने निघून गेला.

चाळिसाव्या दिवशी दुपारी कुलुइपा फोन कानाला लावून बसली होती. तिकडे मेरिमची सासू चमच्याने पाणी घालताना मोठ्याने मोजत होती. कुलुइपाही ओठांतल्या ओठांत मोजत होती. तेवीसच्या सुमाराला दार ढकलून साल्किन आत आली. कुलुइपाने बोट वर करून तिला स्टुलावर बसवलं. एकोणचाळीस, चाळीस. बाळ रडायला लागलं, ते स्टुलापर्यंत ऐकू आलं.

“अपा, तुला दिसत नाहीये ना?” मेरिमने विचारलं.

“नाही गं. पाण्यातून काढा तिला आधी. गारठेल.”

“कॅमेरा कधी चालेल?”

“तालाय खटपट करतोय. तू जेवलीस?”

फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि कॉम्प्युटर चालू केला. त्याला हल्ली वेळ लागायचा, किंवा तिला.

“न्यायालयाने हुकूम दिला, त्याने लांब राहायचा,” साल्किन म्हणाली. “आता पोराची शाळा बदलायचा अर्ज हवाय.” मग हळूच, “तुमचीच नात? बघितलीत? कोरुमदुक काय दिलंत?”

कुलुइपाचा हात खिशातल्या रुमालाच्या गाठीवर गेला. बटण जागच्या जागी होतं.

“बघितलीये कुठे अजून,” ती म्हणाली. “सांग, काय लिहू?”

अर्ज लहानसा होता. छापून झाल्यावर तिने स्क्रीन वळवली. साल्किन स्टूल पुढे ओढून, मान लांब करून बघत राहिली.

“पुसलं,” कुलुइपा म्हणाली. “बघ.”