गोदाबाईंचं युरोपचं मावंदं

गोदाबाई नुसत्या औंढ्याला जाऊन आल्या तरी सगळ्या गल्लीला कळायचं. सकाळच्या एसटीनं नागनाथाच्या दर्शनाला जायचं आणि दुपारी परत यायचं, एवढाच तो प्रवास. पण परतताना पिशवीत बत्तासे, फुटाणे, चिरमुरे असायचे आणि हातपाय धुवायच्या आधी बाई ते दारोदार वाटून यायच्या. कळमनुरीला लग्नाला गेल्या तर तिथल्या बाजारातून पेरू आणायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, कळमनुरी माझं माहेर आहे. तिथल्या पेरूंचं मला काय कौतुक?" त्यावर म्हणाल्या, "रिकाम्या हातानं माणसानं फकस्त जन्माला यावं आन मरून जावं. मंधल्या काळात न्हाई."

हिंगोलीच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी गणित. वयानं त्या माझ्या आईएवढ्या. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही. आमच्या खोल्या एकाच गल्लीत समोरासमोर होत्या. वर्गात त्यांची मराठी पुस्तकातली, वर्गाबाहेर पडल्या की हिंगोलीची. युरोपचा धडा आला की त्या फळ्यावर आल्प्स पर्वत काढायच्या आणि खडू आडवा धरून त्याची शिखरं पांढरीफेक करायच्या. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, बर्फावर पाय ठेवला की कसं लागतं?" तास संपल्यावर बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. मग मला म्हणाल्या, "शांता, इतकी वर्सं मी न पाहिलेलं शिकवून राहिले गं. एकदा तरी पाय ठेवून यावं म्हणते."

हे नुसतं बोलणं ठरेल असं मला वाटलं होतं. पण बाईंनी मुंबईच्या एका सहल कंपनीशी पत्रव्यवहार केला, सोन्याच्या पाटल्या मोडल्या, फंडातून रक्कम काढली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या युरोपच्या सहलीचे पैसे भरले. हिंगोलीतून एकटी बाईमाणूस विलायतेला निघाली म्हणून लोक त्यांना पाहायला येऊ लागले.

विमान, राहणं, जेवण कंपनीकडे होतं. वरखर्चाला मात्र सरकार त्या काळी अगदी मोजके डॉलर देत असे. ते कसे पुरवायचे याचा हिशेब मी मांडायचा, असं बाईंनीच ठरवलं. गणिताची बाई समोर राहते, मग दुसरीकडे कशाला जायचं! मी कामाला लागले. कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं की बर्फाच्या शिखरावर छोटी आगगाडी जाते, तिचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. ते तिकीट चांगलंच महाग होतं. मी ते सगळ्यात आधी धरलं आणि उरलेल्यात चहा, पोस्टकार्डं, किरकोळ खर्च बसवला. संडासाला जायलासुद्धा तिकडे नाणं टाकावं लागतं, तेही धरलं.

"हे काढून टाक," बाई म्हणाल्या. "संडासाला पैसे? त्यापरीस मी पानीच कमी पिते."

"बाई, आजारी पडाल."

"आन चहा काहून धरला? मी चहा सोडते तितके दिवस."

एकेक कलम असं उडत गेलं. वाचलेले पैसे कशासाठी, ते मला लवकरच कळलं. आपल्याकडे कुणी काशीला निघालं की लोक त्याच्या हातावर चार आणे, आठ आणे ठेवतात. 'आमच्या नावानं देवाला वाहा' म्हणतात. बाईंकडेही लोक तसेच येऊ लागले. मी हात जोडून सांगितलं, अहो, ही यात्रा नाही, तिकडे आपले पैसे चालत नाहीत. कुणी ऐकलं नाही. कोपऱ्यावरची बांगडीवाली कासिमबी रुपया घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, उधर जो बी अच्छी जगा दिखेगी ना, वहाँ मेरा नाम लेना." बाईंनी रुपया कपाळाला लावून डब्यात टाकला.

"कशाला घेता?" मी चिडून विचारलं.

"मग काय हात झटकू? पर शांता, यात्रेकरूनं पैसा घेतला की परसाद आणावा लागतो. आल्यावर मावंदं घालून लोकांना जेवू बी घालावं लागतं. तेवढं धर तुझ्या हिशेबात."

युरोपच्या हिशेबात मावंदं! मी कागद त्यांच्या अंगावर भिरकावला आणि तणतणत घरी आले. दुसऱ्या दिवशी राग आवरून परत गेले आणि माझ्या हातानं शिवलेला लाल बटवा त्यांना दिला. "मुंबईत डॉलर हातात पडले की आधी गाडीच्या तिकिटाचे यात ठेवा. हा बटवा त्या डोंगराखालीच उघडायचा. शपथ घ्या." बाईंनी बटवा कमरेला खोचला. "बराबर," म्हणाल्या. एसटी सुटेपर्यंत मी तेच बजावत होते.

बाई परतल्या तेव्हा शाळा सुरू झाली होती, पण पाऊस आला नव्हता आणि हिंगोली तव्यासारखी तापली होती. मुंबईहून मनमाड, मनमाडहून नांदेड आणि पुढे एसटी असं करत त्या आल्या. चेहरा रापलेला, पाय सुजलेले आणि हातात एक भलीमोठी पिशवी. मी पाणी दिलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

"डोंगरावर गेलात?"

"पाहिला गं. पांढराफेक. फळ्यावर काढते ना, हुबेहूब तसाच."

"पाहिला म्हणजे कुठून?"

"खालून." बाईंनी नजर चुकवली. "बाकीचे गाडीनं वर गेले. मी खाली बसची राखण करत बसले. समोरच चॉकलेटचं दुकान हुतं."

पिशवीत गल्लीतल्या घरागणिक, शाळेतल्या वर्गागणिक घेतलेली चॉकलेटं होती. होती म्हणजे, घेतली तेव्हा होती. त्या उन्हात सगळी वितळून चंदेरी कागदांसकट त्यांचा एक काळा गोळा झाला होता. लाल बटवा त्यातच रिकामा चिकटलेला होता.

माझा तोल सुटला. पाटल्या मोडून, सात समुद्र ओलांडून तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलात आणि दुकान पाहून परत आलात? मुलींना आता काय सांगणार? कुणी मागितला होता प्रसाद? मी पुष्कळ बोलले. बाई पाय चोळत ऐकत होत्या.

"मी वर गेले असते तर बर्फ मी एकटीनंच पाहिला असता," त्या शेवटी म्हणाल्या. "लोकांसाठी काय आणलं असतं? बर्फ काय बांधून आणता येतो?"

"मग हे काय आलं? हेही वितळलंच ना!"

"वितळलं, पर आलं तर!" असं म्हणून त्या हसायला लागल्या. मला मात्र रडू येत होतं.

पुढच्या रविवारी मावंदं झालं. पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. पानं वाढायच्या आधी बाईंनी तो गोळा कागद काढून पितळी पातेल्यात ऊन केला आणि तीर्थ द्यावं तसं पळीपळीनं एकेकाच्या हातावर घातला. लोक तळहात चाटत होते. एका म्हातारीनं चाटून झाल्यावर रीतीप्रमाणे हात डोक्यावरून फिरवला आणि तिचे पांढरे केस तपकिरी झाले. "कडू हाय, पर ग्वाड लागतंय," असा तिनं निकाल दिला. कासिमबीनं दोनदा घेतलं. मी लांब उभी होते. आम्ही बौद्ध, आमच्या घरी तीर्थप्रसादाचा रिवाज नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्या पळी घेऊन माझ्यापर्यंत आल्या. "हे तीर्थ न्हाई, चॉकलेट हाय. घे." मी घेतलं. पातेलं शाळेतल्या मुलींनी बोटांनी पुसून खाल्लं आणि बाईंच्या वाट्याला काहीच राहिलं नाही. त्याचाही मला राग आला.

पुढे धड्यात आल्प्स आला की बाई म्हणायच्या, "मी पाहिला आहे." मुली विचारायच्या, "पाय ठेवला?" बाई सांगायच्या, "नाही. तो तुमच्यासाठी ठेवला आहे." मुली हसायच्या. शेजारच्या वर्गात शिकवताना मला ते ऐकू यायचं आणि माझा खडू मोडायचा.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे गेले असतील. बाईंना विषमज्वर झाला. सरकारी दवाखान्यात ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, कपाळावर बर्फ ठेवा. दवाखान्यात बर्फ कुठला! मी भर दुपारी रिक्षा करून बर्फाच्या कारखान्यात गेले, मोठा तुकडा घेतला, भुशात घालून गोणपाटात बांधला. वाटेत तो अर्धा गळून गेला. माझं लुगडं भिजलं, रिक्षावाल्यानं सीट ओली झाली म्हणून वाद घातला. मी तशीच खाटेपाशी गेले आणि गोणपाट सोडलं.

बाईंनी डोळे उघडले. बर्फाकडे बघत राहिल्या. मग पांघरुणातून पाय बाहेर काढला. त्यांना काय हवं ते मला कळलं. मी तो तुकडा खाटेच्या कडेला धरला आणि बाईंनी त्यावर तळवा टेकवला.

"बघ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बांधून आणता येतो की गं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. हा इथल्या कारखान्यातला आहे बाई, तिकीट काढून वर जायला हवं होतं तुम्ही, असं सांगायचं होतं. पण त्यांनी डोळे मिटले होते आणि पाय काही काढला नव्हता. तो तुकडा पुरता विरघळेपर्यंत मी धरून बसले. त्याच आठवड्यात त्या गेल्या, रिकाम्या हातानं, त्या म्हणायच्या तशाच. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.