मोदकात जायफळ नको

धाकट्या जावेच्या घरात मी खोटं बुकिंग केलं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

दिवेआगरात आमच्या दोघींच्या वाड्या शेजारी शेजारी. मध्ये चिऱ्यांचा गडगा, विहीर सामायिक. चक्रीवादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि दोघींनीही घरामागे खोल्या बांधून पाहुणे घ्यायला सुरुवात केली. तीन तिच्या, तीन माझ्या, गवंडीसुद्धा एकच. पण बुकिंगच्या वेबसाइटवर तिला दहापैकी नऊ पॉइंट चार आणि मला सात पॉइंट एक.

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी फोन उघडायचे. पहिलं तिचं पान बघायचे, मग माझं. तिच्याखाली लिहिलेलं असायचं, 'काकूंच्या हातचे मोदक विसरणार नाही.' माझ्याखाली, 'बाथरूम स्वच्छ आहे.' एकदा एक गाडी माझ्या फाटकाशी थांबली. मी पदर सावरत पुढे गेले, तर आतल्या बाईंनी विचारलं, "मोदकवाल्या काकूंकडे कसं जायचं?" मी हात करून दाखवलं. हसूनच दाखवलं.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला उकड काढता येत नव्हती. मोदक तिला मी शिकवले.

पुढे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली. पैसे आल्यावर द्यायचे, अशी सोय त्या वेबसाइटवर होती. मी पुण्याचं एक आडनाव रचलं, कपाटात बंद पडलेल्या फोनचा नंबर दिला आणि तिच्या तिन्ही खोल्या घेतल्या. खाली 'काही विनंती असल्यास लिहा' असा चौकोन होता. रिकामा ठेवला तर संशय येईल, म्हणून लिहिलं: जेवणात उकडीचे मोदक हवेत. मोदकात जायफळ नको.

तिच्या पानावर 'खोल्या शिल्लक नाहीत' दिसायला लागलं. मला बरं वाटलं. आता खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

शनिवारी सकाळी गडग्यापलीकडून हाक आली, "वहिनी, माझं घर भरलंय आज. मोदक वळायला येता का?"

आमच्यात हे ठरलेलंच आहे. जिच्याकडे पाहुणे जास्त, तिच्या स्वयंपाकाला दुसरीने हात लावायचा. नाही म्हणायला कारण सुचेना. जे येणारच नव्हते त्यांच्यासाठी मी मोदक वळत बसले.

"फोन लागत नाही हो त्यांचा," ती म्हणाली.

"घाटात असतील. रेंज नसते तिथे."

"आणि जायफळ नको म्हणालेत."

"असतं एकेकाचं," मी म्हणाले आणि कळ्या पाडत राहिले. एरवी माझ्या कळ्या तिच्यापेक्षा बारीक पडतात. त्या दिवशी तीन मोदक फुटले.

दुपार उलटली तरी कोणी आलं नाही. तिच्याकडे जागा न मिळालेले लोक मात्र माझ्या तिन्ही खोल्यांत येऊन बसले होते. ती झाकलेलं पातेलं घेऊन आली. "वाया जातील. तुमच्या पाहुण्यांना वाढा."

वाढले. दोन दिवसांनी मला आयुष्यातले पहिले दहापैकी दहा मिळाले. 'असे मोदक कुठे खाल्ले नाहीत.' ते मी कितीदा तरी वाचलं. निम्मे मीच वळलेत, असं मनाला सांगत राहिले. आजही माझ्या पानावर सर्वांत वर तेच आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या अंगणात दोघी सुपारी सोलत होतो. काही निमित्त नव्हतं. सांगून टाकलं.

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "जायफळ नको म्हणणारं माणूस माझ्या माहितीत एकच."

जायफळाने माझं डोकं जड होतं. प्रत्येक सणाला ती माझ्यापुरतं सारण वेगळं काढून ठेवते, मग बाकीच्यात जायफळ किसते. हे इतकं अंगवळणी पडलंय की तो चौकोन भरताना माझ्या लक्षातही आलं नाही.

"ठाऊक होतं तर मोदक कशाला केलेस?"

"नुसती शंका होती. खरंच कोणी आलं असतं तर?" तिने पुढची सुपारी उचलली. "आणि म्हटलं, वळता वळता सांगाल."

दोन तास वळत होतो आम्ही त्या दिवशी.