शंभरातून एखादी

“छातीवर हात ठेवा आन् खरं सांगा. त्याला समदं कळतं.”

त्याला म्हणजे कॉम्प्युटरला. असं म्हणून आप्पा हनुवटीनं मॉनिटरकडं खूण करायचे आणि समोरचा माणूस खरोखर छातीवर हात ठेवायचा. मग तो कंपनीतला सुपरवायझर असो, नाहीतर सोसायटीच्या राजकारणात केस पांढरे केलेला पुढारी.

शिरूरच्या एस.टी. स्टँडमागं त्यांचं सायबर कॅफे होतं. आधी तिथं टायपिंगचा क्लास होता. मशिनं माळ्यावर गेली, चार कॉम्प्युटर आले, आणि गाव त्यांना पूर्वीसारखंच आप्पा म्हणत राहिलं. दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी तिथं मराठी टायपिंगला होते. माझं मुख्य काम लग्नाचे बायोडाटा. त्या काळात तुम्ही आमच्या भागात कुणाचं लग्न जमवलं असेल, तर तुमच्या पिशवीतही आमचा एखादा कागद पडून असेल. वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, नाडी, मामांचं गाव आणि रंग निमगोरा. निमगोरा सगळ्यांचाच. गोरा लिहिलं तर लोक बारकाईनं बघतात, असं आप्पांचं मत होतं.

एक दिवस त्यांना स्वभाव सांगणारी एक वेबसाइट सापडली. इंग्रजीत दहा प्रश्न, उत्तरं दाबली की निकाल. त्या दिवसापासून आमच्या बायोडाटात निमगोऱ्याखाली ‘स्वभाव’ अशी एक नवी ओळ आली.

प्रश्न आप्पा आपल्या पद्धतीनं विचारायचे. पार्टीत अनोळखी लोकांशी बोलता का, याचं ते करायचे, “हळदीला गेलाय, वळखीचं कुणीच न्हाई. जेवून निघता का थांबता?” माऊस त्यांच्याच हातात असायचा, आणि सगळी गोम तिथंच होती.

पाबळहून एक ट्रॅक्टरवाला आला होता. “राग येतो का?” आप्पांनी विचारलं.

“येतो की. परवा भावाच्या पाठीत खोऱ्याचा दांडाच...”

“दादा, लग्नाचा कागद हाय. ‘क्वचित’ दाबू.”

असं दाबून दाबून सगळ्यांचा निकाल एकच यायचा. शांत, पण वेळ आली तर ठाम. माणसांत रमणारा, पण एकांतही आवडतो. आणि खाली, तुमच्यासारखी व्यक्ती शंभरातून एखादीच आढळते. एवढं वाचून दाखवलं की माणूस खुर्चीत ताठ बसायचा. पहिले पंधरा दिवस मी हे दर वेळी नव्यानं टाइप केलं. मग एक फाइल करून ठेवली आणि सरळ चिकटवायला लागले.

“आप्पा, उत्तर ठरलेलंच आहे, तर प्रश्न कशाला विचारता?” मी एकदा म्हटलं.

“आगं, तुला काय वाटतं म्हणून माणसाला कवा कुणी इचारतं का?” ते म्हणाले. “दहा मिन्टं बसू दे की बिचाऱ्याला.”

माझा स्वतःचा बायोडाटा केला तेव्हा मी तोच परिच्छेद चिकटवला. मला सत्ताविसावं लागलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि वडिलांनी जेवताना तो विषय काढणं बंद केलं होतं. तिसरं स्थळ दौंडचं, रेल्वेतला मुलगा. फोटो बघून मला तो आवडला होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मंडळी घरी बघायला आली. वडिलांचे स्नेही म्हणून आप्पाही बसले होते. पोहे झाले, आणि मुलाच्या मामांनी पिशवीतून तीन कागद काढून टीपॉयवर शेजारी शेजारी मांडले. एक यवतचा, एक कोरेगाव भीमाचा, तिसरा माझा.

“तिन्ही पोरी शंभरातनं एक,” मामा म्हणाले. “शब्दाला शब्द तोच. हे कसं काय, पाव्हणं?”

वडिलांची मान खाली गेली. हेही स्थळ गेलं, असं ते धरूनच चालले असावेत. आप्पांनी मात्र खुर्ची मामांपुढं ओढली. “मामा, दहा प्रश्न इचारतो. राग येतो का?”

“छे. कवातरी.”

“हळदीला वळखीचं कुणी न्हाई. निघता का थांबता?”

“थांबतो की. माणसांची आवड हाय आपल्याला.”

दहाही प्रश्न झाले. आप्पांनी माझा कागद उचलून मामांच्या हातात दिला. “घ्या. तुमचा बी ह्योच. समद्यांला चांगलंच दिसायचं असतं, मामा. चूक माझी हाय, पोरीची न्हाई.”

सगळे हसले, मुलाची आई सोडून. “मग पोरीचा खरा स्वभाव कोण सांगणार?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आप्पा आता काहीतरी गोड बोलतील. ते माझ्याकडं बघून नुसते म्हणाले, “ती हाय की समोर.”

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. मी म्हटलं, “चूक माझीपण आहे. तो मजकूर मीच चिकटवलाय. आणि मला राग येतो. क्वचित नाही, बऱ्यापैकी येतो. आत्ताही आलाय.”

माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मग मुलगा हळूच म्हणाला, “मला बी येतो.”

“ह्या दोघांपेक्षा मला जास्त येतो,” त्याची आई म्हणाली. “जमंल मग. तारीख बघा.”

लग्नाआधी माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी आप्पा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. “माझं बी बघ की,” म्हणाले. त्यांनी स्वतःचा स्वभाव कधी बघितलाच नव्हता. मी माऊस घेतला.

“हळदीला?”

“जेवून निघतो.”

“मोठे निर्णय कसे घेता?”

“बायकुला इचारून.”

“लोकांनी तुम्हाला कशासाठी लक्षात ठेवावं?”

ते मॉनिटरकडं वाकले. “न्हाई ठेवलं तरी चालंल, असं हाय का त्यात?” तसा पर्याय होता, सगळ्यात खाली.

“आप्पा, दुसरं काहीतरी दाबते.”

“माझं काय लगीन हाय का आता? तेच दाब.”

निकाल आला. स्वभाव साधा, अशी माणसं सगळीकडं आढळतात. मी वाचून दाखवायला कचरले, पण ते वाचून आप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “बघ, उभ्या तालुक्यात मी एकटाच साधा निघालो,” म्हणाले. तो कागद त्यांनी छापून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला.

पुढं इंटरनेट लोकांच्या खिशात आलं, कॅफे बंद झालं, आणि एका उन्हाळ्यात आप्पाही गेले. अशी माणसं सगळीकडं आढळतात, असं त्यांच्या कागदावर होतं. मी इतकी वर्षं बघतेय. मला अजून दुसरं आढळलेलं नाही.