खालच्या मजल्यावरच्या काकांचं मृत्युपत्र

राग आला की माणसं भांडतात, बोलणं टाकतात, फार तर जेवण टाकतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मृत्युपत्र बदलायचे. अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला हा विधुर गृहस्थ. मालमत्ता म्हणजे बदलापूरच्या मांजर्लीतला तळमजल्यावरचा फ्लॅट आणि थोड्या ठेवी, पण धाक असा की जणू संस्थानच खालसा होणार आहे. "मृत्युपत्र देवघरासारखं रोज पुसलेलं असावं," असं ते म्हणत. पुण्याच्या मुलाचा फोन लांबला की त्याचा हिस्सा कमी. मुलीने, मीनाने, त्यांच्या बीपीसाठी भाजीत मीठ कमी घातलं की तिचा. एकदा दोघांवर एकदमच रागावले तेव्हा फ्लॅट पुतण्याकडे गेला आणि त्याने लग्नाची पत्रिका नुसती व्हॉट्सॲपवर धाडली म्हणून परत आला. साक्षीदार कायमचा मी. उल्हासनगर कॅम्प दोनमधला सिंधी वकील आम्हाला पाहताच चहा सांगायचा आणि विचारायचा, "अंकल, इस बार कौन कटा?"

मग एका पावसाळ्यात उल्हास नदी त्यांच्या घरात शिरली. सोनिवलीला राहणारी मीना कमरेइतक्या पाण्यातून आली आणि वडिलांना मुलांच्या पोहायच्या रबरी टबात बसवून तिने ओढत बाहेर काढलं. कुणीतरी फोटो काढला. छत्री उघडून टबात बसलेले काका संध्याकाळपर्यंत अर्ध्या बदलापूरने पाहिले. जीव वाचला याचं त्यांना काहीच नव्हतं. अब्रू गेली याचं होतं. पाणी ओसरलं, मीना त्यांच्या घरातला चिखल उपसत बसली आणि आम्ही कॅम्प दोनला गेलो. सगळं मुलाच्या नावावर झालं. जरा थांबा, म्हणून मी विनवून पाहिलं.

"तू सही कर," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात बदलूच की."

पुढचा महिना आला तो विस्मरण घेऊन. आधी चष्मा हरवू लागला, मग घराचा रस्ता. आपलं घर लहान आहे, असं मुलाने फोनवर कळवलं. मीनाने त्यांना सोनिवलीला नेलं, भरवलं, न्हाऊ घातलं. एके दिवशी काकांनी मला बोलावून सांगितलं, सगळं हिच्या नावावर करायचं. आम्ही तिघं तडक वकिलाकडे गेलो. त्याने मीनाकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण?

काका अभिमानाने म्हणाले, "ही आमची मंडळी."

वकिलाने पेनाला टोपण लावलं. या अवस्थेत केलेलं मृत्युपत्र टिकणार नाही, असं त्याने मला हळू आवाजात समजावलं. त्या दिवशी त्याने चहा सांगितला नाही.

काकांच्या तेराव्याला मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, ही सही तुमचीच ना? माझीच होती. महिन्याभरात फ्लॅट विकला गेला. या माणसाने आयुष्यभर रागाची तेवढी नोंद चोख ठेवली, मायेची ठेवलीच नाही, असं मी मीनापुढे चिडून बोललो.

"जाऊ द्या हो दादा," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मला ते आईच समजायचे. आईवर ते कधी रागावले नव्हते."