दोन डावे हातमोजे

आउस्माच्या वर्गात कात्रीला जागा नव्हती. दर गुरुवारी चार वाजता गावच्या वाचनालयात सहा-सात बायका सुया आणि लोकर घेऊन तिच्यासमोर बसत. धागा तोडायची वेळ आली तरी ती दातांनी तोडायला लावी. चूक सापडली की उसवा, मग दहा ओळी जावोत की साठ. एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "एकच टाका चुकलाय, कोण बघतंय?" आउस्मानं त्यांचा हातमोजा हातात घेतला, सुई बाहेर ओढली आणि म्हणाली, "मी बघितला ना."

डेअरीच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं दुधातली स्निग्धता मोजली होती. लग्न केलं नाही. मात्र चौदा वर्षांची असताना आईनं तिलाही लग्नाची पेटी भरायला बसवलं होतं. ती पेटी अजून खिडकीखाली आहे आणि तिच्यावर फुलझाडांच्या कुंड्या ठेवलेल्या असतात. आमच्या कुर्झेमे प्रांतात नवरी सासरी जाते ती हातमोजे घेऊन. दीरांना, नणंदांना, पाद्रीबाबांना, गाडी चालवणाऱ्याला, सगळ्यांना एकेक जोडी. एक जोडी सफरचंदाच्या झाडावर टांगायची, एक विहिरीवर ठेवायची. हे जोड मावश्या-आत्यांनी विणलेले चालतात. सासूची जोडी मात्र नवरीनं स्वतः विणायची असते, आणि सासूच्या हातात पडेपर्यंत ती कुणीही घालून बघायची नसते. दुसऱ्याच्या हाताची ऊब आधी लागली तर सासू-सुनेत तिसरं माणूस येतं म्हणतात. आउस्माचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नियम मात्र ती पाळते.

तिची भाची दागनिया हिचं लग्न सप्टेंबरातल्या एका शनिवारी होतं. चर्चमध्ये दोन वाजता पोचायचं, घरातून एकला निघायचं. सकाळी नऊ वाजता आउस्मा बहिणीच्या घरी बैठकीत टेबलाशी बसून अडतीस जोड्या लाल दोऱ्यानं बांधत होती. आत तिची धाकटी बहीण लुत्सिया, म्हणजे नवरीची आई, केशर घातलेल्या कणकेचे पीळ देऊन लग्नाचा मोठा क्लिंगेर पाव वळत होती. दुसऱ्या ताटात खारवलेल्या डुकराच्या चरबीचं सारण भरलेल्या करंज्या भट्टीत जायची वाट बघत होत्या.

सासूची जोडी सर्वांत शेवटी आली. पांढऱ्यावर विटकरी तारे, एका फेरीत शहाण्णव टाके. एक हातमोजा दागनियानं जानेवारीत विणला होता, दुसरा जुलैत. दोन्ही एकावर एक नीट ठेवलेले, अंगठ्यावर अंगठा. आउस्मानं दोरा गुंडाळायला घेतला आणि थांबली. वरच्याचा अंगठा वरच्या अंगाला होता. खालचा उचलून पाहिला, तर त्याचाही तसाच. खरी जोडी असती तर एकाचा वर आणि दुसऱ्याचा खाली आला असता. आमच्या हातमोज्याची पुढची आणि मागची नक्षी हुबेहूब सारखी असते. अंगठा कुठे बसवला त्यावरच डावा-उजवा ठरतो.

"लुत्से," तिनं हाक मारली, "मुलीला खाली बोलाव."

"केस धुतेय ती. काय झालं?"

"दोन्ही डावे आहेत."

लुत्सिया पिठाच्या हातांनी दारात आली. "अगं ताई, जुलैपासून ही जोडी तुझ्या कपाटात होती."

"घालून कुणी बघायची नाही ना. मी टाके मोजले. अंगठे मोजले नाहीत."

दागनिया डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. दोन्ही हातमोजे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. तिनं एकदा पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"बिरुटाबाई जिल्ह्याच्या जत्रेत विणकामाला गुण देतात," ती होणाऱ्या सासूबद्दल म्हणाली. "त्यांच्या गावात हातमोजा आधी उलटा करून बघतात, मग नमस्कार करतात."

"आणि तुला तिथेच राहायचंय," आउस्मा म्हणाली. "रडू नकोस, लोकर ओली होते."

"नवा विणायला किती वेळ लागेल, मावशी?"

"तुला? नऊ दिवस."

लुत्सियाला एकदम सुचलं. "ताई, तुझ्या पेटीत हाच नमुना आहे ना? पांढरा-विटकरी. तीच जोडी देऊ या. कुणाला कळणार आहे?"

"बिरुटाला. ती हिला विचारेल, तारा कितव्या टाक्याला सुरू केला. शिवाय माझा हात सैल, हिचा घट्ट. आंधळ्यालाही कळेल." आउस्मा उठली. "पण पेटी उघडते. थांबा."

तिचं घर दोन घरं सोडून. दहा मिनिटांत ती परत आली ती एक जोडी, चिठ्ठ्या लावलेली उरलेली लोकर आणि खिशात नखं कापायची छोटी कात्री घेऊन. जोडी तिनं सोळाव्या वर्षी विणली होती, होणाऱ्या सासूसाठी. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून येत होता.

"आईनं एकदा अंगठा उसवून दुसऱ्या बाजूला हलवलेला मी पाहिलाय," ती म्हणाली. "मी स्वतः कधी केलं नाही. आधी माझ्यावर करते. तू बघ आणि तुझ्यावर तू कर. तुझ्या हातमोज्याला माझी सुई लागणार नाही."

आउस्मानं खिशातून कात्री काढली तशी दागनियानं विचारलं, "कापायचा?"

"हो."

"मावशी, तूच तर सांगतेस..."

"आज शनिवार आहे. वर्ग गुरुवारी असतो."

आधी जुना अंगठा उसवला. हातमोज्याला भोक उरलं, त्याच्या खाली आणि वर टाके मोकळे. ते सुईनं एकेक ओवून बंद केले, नक्षीचा रंग धरून. मग हातमोजा पालथा केला. आता मागची बाजू तळहात झाली. त्याच ओळीत, त्याच काठाला आउस्मानं एक टाका निवडला, कात्रीचं टोक खाली घातलं आणि दोन्ही रंगांचे धागे तोडले. आवाज फार झाला नाही. लुत्सियानं मात्र डोळे मिटून घेतले होते.

"उसवला का सगळा?"

"काही उसवत नाही, लुत्से. तू तुझा पाव बघ, जळका वास येतोय."

धागा दोन्हीकडे पंधरा टाके मागे ओढला, मोकळे टाके खालून-वरून सुयांवर घेतले. नव्या अंगठ्याची जागा तयार. आउस्मा ताठ बसली. तिचे गाल लाल झाले होते.

"होतंय," ती म्हणाली. "अगं, होतंय. घे कात्री."

दागनियानं दोनदा टाका मोजला, तिसऱ्यांदा मावशीकडे पाहून मोजला आणि कापला. दहा वाजले होते. सव्वाअकराला जुना अंगठा उसवून त्याचं भोक बंद झालं, नवे टाके सुयांवर आले. तेवढ्यात केस करणारी आली. तिला आउस्मानं सांगितलं, नवरीची मान हलवायची नाही, तिचे हात हलतील. केसांत पिना जात होत्या आणि खाली अंगठ्याच्या फेऱ्या चढत होत्या.

"किती झाल्या?"

"अकरा."

"पंचवीस पाहिजेत. बोलू नकोस."

"तूच विचारलंस, मावशी."

"मोजत राहा."

लुत्सियाला बेकन-करंज्यांचं एक ताट बाद करावं लागलं. पाव वाचला. बारा पन्नासला दागनियानं शेवटचा धागा आत ओवला आणि दातांनी तोडला. हातमोजा दमट फडक्याखाली दाबला, दोरा बांधला, गाडी सुटली. आउस्मा मागच्या सीटवर गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती आणि वाटेत दोनदा म्हणाली, "कसा आला ना?"

पाच वाजता नवऱ्याच्या घरी हातमोजे वाटले. बिरुटा उंच, रुंद खांद्यांची बाई. तिनं जोडी घेतली आणि दोरा सोडला. डावा उलटा केला, बघितला, सुलटा केला. मग उजवा उलटा केला आणि खिडकीपाशी गेली.

"अंगठा कुणी हलवला?" तिनं विचारलं.

"मी," दागनिया म्हणाली.

"कधी?"

"आज सकाळी."

"केस करताना?"

"नंतरचा अर्धा भाग केस करताना."

बिरुटानं हातमोजा सुलटा केला. दोन्ही हातात घातले, बोटं उघडमीट करून बघितली. नियमाप्रमाणे पहिला तुकडा हातमोज्यांनीच घ्यायचा असतो, तसा तिनं क्लिंगेर पावाचा तुकडा घेतला. विटकरी ताऱ्यावर लोण्याचा डाग पडला. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "सोमवारी कात्री घेऊन माझ्या खोलीत ये. मी माझ्या सासूला दिलेली जोडी बत्तीस वर्षं ड्रॉवरमध्ये पडलीय."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून आउस्मानं विचारलं, "डावे?"

"उजवे," बिरुटा म्हणाली. "दोन्ही."